शाळेचा जुना फळा घरी आणलाय, परत काळा कसा करायचा?

मलप्रभेकाठचा (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच हाय खरं आधी थोडं पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या बाजूला. मे महिन्यात मराठी शाळेचं रंगकाम काढलं होतं तेव्हा मागच्या खोलीतला सगळा पसारा व्हरांड्यात आणून टाकला, मोडकी बाकं, एक पाय गेलेली खुर्ची, गंजलेला तराजू, आणि सगळ्याच्या खाली आमचा सहावीतला फळा. लाकडी. सागवानाच्या चार फळ्या आडव्या जोडून केलेला, मागनं दोन उभ्या पट्ट्या, वर दोन भोकं. तीन पायांच्या घोड्यावर खुंट्या लावून त्याच्यावर ठेवायचे. घोडा काय मिळाला नाही, कुणाच्यातरी चुलीत गेला असणार. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले घेऊन जावा की, एसडीएमसीच्या (शाळेच्या कमिटीच्या) मिटिंगमध्ये सांगतो, नाहीतर पावसात कुजणारच. टेम्पोत घालून बेळगावला आणला. बायकोनं एकच विचारलं, हे ठेवणार कुठं. मुलगी दुसरीत आहे, तिनं मात्र लगेच त्याच्यावर स्वतःचं नाव लिहून टाकलं.

आता अडचण अशी की फळा काळा राहिलेलाच नाही, राखेसारखा झालाय. दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीच्या मधी फट पडलीय, करंगळीचं नख जातंय. ही फट तेव्हाबी होती, गुरुजी उभी रेघ ओढायला लागले की बरोबर मधी टक् करून आवाज यायचा. आणि वरच्या अर्ध्या भागात गुरुजींनी खिळ्यानं ओढलेल्या आडव्या रेघा आहेत, त्या मला तशाच ठेवायच्यात. पेंटच्या दुकानात गेलो तर तो म्हणतोय फळ्याचा रंग आता कोण मागत नाही हो, काळा ऑइलपेंट मारा. मारू काय? आणि तुमच्या शाळेत काय काय होतं तेबी लिवा, नुसता सल्ला देऊन पळू नका.

रसायन_मास्तर (रविवार, रात्री १०:२५)

ऑइलपेंट अजिबात मारू नका. फळ्याला अंगची खरखर लागते, खडू तिच्यावर झिजतो आणि ती झीज तिथं चिकटून राहते तेव्हा अक्षर उमटतं. ऑइलपेंटवर खडू नुसता घसरतो. वर खिडकीचा उजेड पडला की ते चकाकतं, मग त्या कोपऱ्यातल्या पोरांना निम्मा फळा दिसतच नाही.

जुनी रीत सांगतो, माझ्या सुताराकडून शिकलेली. आधी १२० नंबरचा घासकागद, मग २२०चा. रेघांच्या जागी हलक्या हातानं. चपडा लाख मेथिलेटेड स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळत ठेवायची, त्यात काजळी (दुकानात लॅम्पब्लॅक म्हणून मिळते) आणि चमचाभर बारीक एमरी पावडर. एमरीमुळं खरखर येते. रुंद ब्रशनं पातळ हात मारायचा, पहिला आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. स्पिरिट आहे, गॅसजवळ करू नका.

आणि एक गोष्ट शंभरातले नव्वद जण विसरतात. नव्या फळ्यावर लगेच लिहायचं नाही. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा, कोपरान् कोपरा, आणि कोरड्या फडक्यानं पुसायचा. मगच लिहायचं. नाहीतर पहिल्या दिवशी जे लिहाल ते जन्मभर पुसट दिसत राहतं. आमच्या लॅबमधल्या फळ्यावर कुणीतरी घाईत 'उद्या फी भरणे' लिहिलं होतं, मी बारा वर्षं त्याच्यावर समीकरणं लिहिली.

फट भरू नका. पाऊस सुरू होतोय, लाकूड फुगेल आणि आपोआप मिटेल.

चिकोडीची_चिमणी (रविवार, रात्री ११:०२)

लाख, एमरी, स्पिरिट... एवढं कुठलं मास्तर आमच्याकडं. आमचा फळा तोंडलीच्या पाल्यानं काळा व्हायचा. शनिवारची सकाळची शाळा, परिपाठ झाला की पोरांनी घरनं कोळसा आणायचा आणि पोरींनी तोंडलीचा पाला, वेल सगळ्यांच्या परसात असायचाच. पायरीवर कोळसा कुटायचा, पाला चुरगाळून त्याच्यात घालायचा, हिरवंकाळं असं काहीतरी व्हायचं, त्याचा लगदा मूठभर घेऊन फळ्यावर गोल गोल घासायचा. उंच पोरं वर, बुटकी खाली. मी कायम खाली. वरच्यांच्या हातातनं गळून सगळं माझ्या केसात.

ओला असताना काय काळाकुट्ट दिसायचा फळा! वाळला की तेवढा राहायचा नाही, जरा हिरवट मारायचा. सोमवारी पहिलं अक्षर कुणी लिहायचं यावरनं भांडण. आणि हाताच्या रेघांमधला काळा रंग बुधवारपर्यंत जायचा नाही, आई म्हणायची त्या हातानं भाकरीला हात लावू नकोस.

पाटीलासुद्धा तेच, कोळसा आणि पाला. एकीनं एकदा खोबरेल तेल लावून आणली होती, चकचकीत दिसावी म्हणून. दिवसभर पेन्सिल उमटली नाही, रडली बिचारी.

कॅम्पातला (सोमवार, सकाळी ७:१५)

आम्ही इंग्लिश मीडियमवाले, आमच्याकडं हिरवा काचेचा फळा होता. घासून धुरकट केलेली काच आणि मागनं हिरवा रंग. लिहायला लोण्यासारखा. खरं त्याच्या एका कोपऱ्याला क्रिकेटचा बॉल लागला आणि तडा गेला, मग तिथं पाच वर्षं चिकटपट्टी. जॉग्रफीच्या मिसनं कधीही त्या कोपऱ्यात काही लिहिलं नाही, भारताचा नकाशा काढला तरी आसाम जरा आत ओढून काढायच्या.

पुण्यातला_पाहुणा (सोमवार, सकाळी ९:४०)

छान धागा. एक शंका, तुम्ही सगळे वाक्यावाक्यात 'खरं' का म्हणताय? काय खरं आहे?

मलप्रभेकाठचा (सोमवार, सकाळी ९:५५)

हा हा. आमच्याकडं 'खरं' म्हणजे तुमचं 'पण'. येतो खरं उशीर होईल. असं.

मास्तर, लाख आणि काजळी बघतो बाजारात. सेलमधली काळी पूड चालते काय? आमच्या गुरुजींनी एकदा वापरली होती असं आठवतंय, आम्ही गावभर फिरून टॉर्चचे संपलेले सेल गोळा केले होते.

रसायन_मास्तर (सोमवार, दुपारी १:१०)

जुन्या साध्या सेलमधली चालायची. जस्ताच्या डब्यात मधे कार्बनची कांडी आणि भोवती काळा मसाला, तो मसाला म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची पूड. रंग झकास येतो. पण त्यात नवसागर नाहीतर झिंक क्लोराईड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पूड आधी दोन-तीनदा धुऊन वाळवायची. न धुता लावली तर पावसाळ्यात फळा ओलसर राहतो आणि खिळे गंजतात. आणि हल्लीचे अल्कलाइन सेल चुकूनसुद्धा फोडू नका, आत कॉस्टिक पोटॅश असतो, हात भाजेल. डोळ्यात गेला तर बघायलाच नको.

एक जादा माहिती, फुकट. आपण ज्याला खडू म्हणतो तो बहुतेक वेळा चुनखडीचा नसतोच, जिप्समचा असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी घालून साच्यात ओतलं की झाला खडू. दहावीला कॅल्शियम सल्फेट घोकलं ते हेच. डस्टलेस म्हणून मिळतो तो बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेटचा, कण जड, म्हणून उडत नाही, खाली पडतो. घरी बघायचं असेल तर तुकड्यावर लिंबू पिळा. फसफसला तर कार्बोनेट, गप्प बसला तर जिप्सम. ही परीक्षा मी दर वर्षी घ्यायचो, पोरांना ॲसिडचे धडे पाठ करून जेवढं कळत नाही तेवढं त्या एका लिंबात कळायचं.

अर्धाकन्नड (सोमवार, दुपारी २:३०)

घरात कन्नड, गल्लीत मराठी, शाळा कन्नड, त्यामुळं मला दोन्हीकडच्या वस्तूंची नावं माहीत. म्हैसूरकडची मंडळी स्लेटू म्हणतात, आमच्या इकडं उत्तर कर्नाटकात कन्नड माणूसबी पाटीच म्हणतो. दप्तराला पाटीचीला. चीला म्हणजे पिशवी, म्हणजे पाटी तुमची आणि पिशवी आमची, आणि पोरगं दोन्ही घेऊन शाळेला. पाटीवरच्या पेन्सिलीला बळपा. फळ्याला हलगे. आणि खडूला सीमेसुण्णा. सुण्णा म्हणजे चुना, सीमे म्हणजे बाहेरच्या मुलखातनं आलेलं, रॉकेलला सीमेएण्णे म्हणतात तसंच.

आमच्या शाळेत पुढं नली-कली आली, म्हणजे खेळत-नाचत शिका. ही पद्धत १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. माझी धाकटी बहीण त्यात होती. तिच्या वर्गात भिंतीला खालनं चारी बाजूंनी काळा पट्टा, पोरांच्या उंचीला, प्रत्येकाला आपला एक तुकडा. वर दोऱ्या ताणून त्याला चित्रं, कार्ड लटकवलेली. मला जळजळ व्हायची. आम्हाला फळ्यावर लिहायला मिळणं म्हणजे एकतर पहिला नंबर नाहीतर शिक्षा.

तंबाखूची_वखार (सोमवार, दुपारी ३:०५)

सीमेसुण्णा!! अहो मी सहावीपर्यंत समजत होतो की हा सीमाभागातला चुना. घरी दारी रोज सीमाप्रश्न, सीमालढा, सीमावासीय हेच कानावर, मला वाटलं सरकारनं आमच्यासाठी वेगळा खडू काढला असणार. निपाणीतल्या आमच्या कन्नडच्या सरांना तसं विचारलं पण होतं. ते इतके हसले की तास तिथंच संपला.

लोंढा_जंक्शन (सोमवार, रात्री ८:२०)

आमच्याकडं घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, ते तर ठरलेलंच, रेल्वेचं गाव. आंब्याला तारेनं टांगलेला, जवळच्या खिळ्याला लोखंडी बोल्ट. मधल्या सुट्टीचे ठोके आणि शाळा सुटायचे ठोके वेगळे, सुटायच्या ठोक्याला शिपाईमामा दमच घ्यायचे नाहीत.

मला आठवतोय तो नकाशा. कर्नाटकाचा, कापडावर चिकटवलेला, वरखाली काळ्या दांड्या, गुंडाळून कपाटावर. सगळी नावं कन्नडमध्ये, वर्ग मराठी. त्यात २० जिल्हे होते, बागलकोट विजापुरातच आणि गदग, हावेरी धारवाडमध्ये. १९९७ ला सात नवीन जिल्हे झाले, २७ झाले, पुस्तक बदललं, परीक्षेत प्रश्न बदलला, नकाशा तोच. मग बाई पट्टी फिरवत म्हणायच्या, ही रेघ इथं आहे असं समजा. समजायचो.

आणि नवीन वर्ग आला की पहिला प्रश्न, आपण कुठं राहतो दाखव. प्रत्येक पोरगं पुढं येऊन बेळगाववर बोट ठेवणार, चिखलाचं, शेंगदाण्याचं, कसलंबी. इतक्या वर्षांत तिथला कागद झिजून खालचं कापड दिसायला लागलेलं. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी कन्नडमध्ये विचारलं बेळगाव कुठाय. आमच्यातला एक उठला आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, सर, फाटलंय तिथं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं काय कळलं नाही खरं बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

खडूवाल्या_बाई (सोमवार, रात्री १०:४५)

मी सहसा वाचते फक्त, आज लिहिल्याशिवाय राहवेना. १९८३ ला खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर रुजू झाले, २०२१ ला निवृत्त. पहिल्या शाळेत एक खोली, चार वर्ग, मी एकटी. फळा एकच. घोडा खोलीच्या मधोमध ठेवायचा आणि फळ्याच्या दोन्ही बाजू वापरायच्या, इकडे पहिली-दुसरी, तिकडे तिसरी-चौथी. इकडे बाराखडी घालून तिकडे जायचं आणि भागाकार मांडायचा. इकडच्यांचा दंगा वाढला की मी तिकडून फळ्यावर टकटक करायची, अक्षरं थरथरायची आणि पोरं गप्प. वरच्या वर्गातली हुशार मुलं फळ्याखालून वाकून पहिलीतल्यांना हळूच उत्तरं सांगायची, मला त्यांचे फक्त पाय दिसायचे.

१९८६ चं शैक्षणिक धोरण आलं आणि त्यातून १९८७ ला ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य. आमच्याकडे ते यायला बराच काळ गेला, पण आलं. बैलगाडीतून, कारण वाडीला मोटार पावसाळ्यात यायची नाही. पत्र्याची पेटी उघडली तेव्हा निम्मा गाव जमला होता. पृथ्वीगोल, नकाशे, विज्ञानपेटी, चुंबक, भिंग, ढोलकी, झांजा, छोटी हातोडी-पक्कड, गोष्टींची पुस्तकं. एक म्हातारी पृथ्वीगोलाला हात लावून म्हणाली, बाई, हा भोपळा कशाला?

आता कबूल करते. ती पेटी मी वर्षभर कुलपात ठेवली. का, तर साहित्य नोंदवहीत चढवलेलं, काही मोडलं तर माझ्या पगारातून भरावं लागेल असं एका साहेबांनी बजावलं होतं. भिंग एकदा काढलं, हातात देताना दहा सूचना, परत कपाटात. पृथ्वीगोलाचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं, त्याच्यावरूनच मी भारत दाखवायची. मग दुसऱ्या शिक्षक आल्या, माझ्याहून लहान, त्यांनी चार दिवस बघितलं आणि किल्ली घेऊन सगळं बाकावर मांडून ठेवलं. म्हणाल्या, बाई, मोडू दे, मी देते पैसे. महिन्यात चुंबक हरवलं. ते नंतर नदीच्या वाळूत फिरवताना सापडलं, पोरांनी त्याला चिकटलेली काळी पूड कागदात बांधून आणली होती. लोहाचा धडा मी त्या आधी सहा वर्षं शिकवत होते. काळी वाळू तिथंच होती.

खडूचं रेशन असायचं. हेडमास्तर आठवड्याला मोजून द्यायचे. बोटात धरता येईनासा तुकडा झाला की पोरांना, आणि त्याहून बारीक झाला की पाण्यात भिजवून पेस्ट, तिच्यानं पंधरा ऑगस्टला पायरीवर नक्षी. पावसात तर कहर, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, जुलैत खडू ओला, फळा ओला, लिहिलं तर उमटायचं नाही आणि उमटलं तर पुसायचं नाही. खडू चुलीच्या कट्ट्यावर ठेवून शेकून आणायची मी, पदराला बांधून.

शेवटच्या वर्षी कोरोना. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारनं विद्यागम सुरू केलं, शाळा बंद म्हणून आपणच मुलांच्या वस्तीत जायचं. देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली. तेव्हा मी कपाटातून गुंडाळी फळा काढला, काळ्या रेक्झिनचा, वरखाली पट्ट्या. देवळाच्या खुंटीला टांगला, खालच्या पट्टीला दोन दगड बांधले वाऱ्याला उडू नये म्हणून. ऑक्टोबरात तेही थांबवलं. पण ते दोन-अडीच महिने मी परत एका फळ्यावर चार वर्ग शिकवले. सदतीस वर्षांनी. हात विसरला नव्हता.

चिकोडीची_चिमणी (सोमवार, रात्री ११:१०)

बाई 🙏 भोपळा!!

कडू_कारलं (मंगळवार, सकाळी ८:०५)

सगळ्यांचा मूड घालवतो, माफ करा. मला फळ्याची आठवण चांगली नाही. मला चौथीपासून लांबचं दिसत नव्हतं आणि हे कुणालाच कळलं नाही, मलाही नाही, मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. फळा राखाडी, खडू मळका, खिडकीतून ऊन. ३ चा ८ दिसायचा. वहीत चुकीचं उतरवायचं आणि मार खायचा, 'बघून पण लिहिता येत नाही?' म्हणून. दोन वर्षं. सहावीत आरोग्य तपासणी आली तेव्हा कळलं. चष्मा लागला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की फळ्यावर वरती उजव्या कोपऱ्यात रोज तारीख आणि पट लिहितात.

शिवाय ती धूळ. माझ्या वडिलांना दमा, तेही मास्तर होते. त्यामुळं स्मार्टबोर्ड आला तर मला आनंदच आहे, मोठं दिसतं, स्वच्छ दिसतं.

लोंढा_जंक्शन (मंगळवार, सकाळी ८:४०)

तुमचं पटलं. डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. खरं आमच्या जवळच्या एका शाळेत देणगीत आलेला तो बोर्ड मागच्या जूनपासून कव्हर घालून ठेवलाय. पावसाळ्यात करंट दिवसातनं किती वेळ असतो तुम्हाला माहीत नाही काय. आणि दुरुस्तीला फोन केला की माणूस हुबळीहून येणार, उद्या येणार.

कडू_कारलं (मंगळवार, सकाळी ८:५०)

तेही खरं. (पुण्यातला पाहुणा, हे तुमचं खरं.)

तंबाखूची_वखार (मंगळवार, दुपारी १२:३०)

खडूचा तो चिर्रर्र आवाज कुणी लिहिला नाही अजून. अंगावर काटा. आमचे एक सर मुद्दाम करायचे, वर्ग झोपला की.

रसायन_मास्तर (मंगळवार, दुपारी १:२०)

खडू फळ्याला काटकोनात, सरळ धरला की होतो. टोक अडकतं, सुटतं, परत अडकतं, सेकंदाला शेकडो वेळा, तोच तो आवाज. उपाय सोपा, खडू मोडून अर्धा करायचा आणि तिरका धरायचा. मोडलेला तुकडा आखूड, तो तेवढा थरथरत नाही. नवीन शिक्षक अख्खा खडू घेतो, जुना आधी मोडतो. यावरून ओळखावं.

अर्धाकन्नड (मंगळवार, दुपारी ४:००)

रेडिओ कुणाला आठवतो काय? आकाशवाणीवरचा केळी-कली. केळी म्हणजे ऐका, कली म्हणजे शिका. माझ्या मराठी शाळेतल्या मित्राला वर्गात सांगितलं, उद्यापासून केळी-कली आहे, रोज. दुसऱ्या दिवशी पोरगं डबाच घेऊन गेलं नाही.

मलप्रभेकाठचा (पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०)

झालं काम. सांगतो.

चपडा लाख गणपत गल्लीच्या आसपास तीन दुकानं फिरल्यावर मिळाली. काजळी मिळाली. एमरी एका भांडीवाल्याकडनं पॉलिशची घेतली. गच्चीवर प्लास्टिक बांधून केलं, पाऊस मधी मधी येऊन बघून जात होता. घासकागद मारताना खालनं तीन थर निघाले, एक काळा, एक हिरवट (चिमणी, तुमचा पालाच असणार), आणि एकदम तळाला परत काळा. दोन हात मारले. वाळल्यावर आडव्या खडूनं सगळा पांढरा केला आणि पुसला, मास्तर, शप्पथ, आता मखमलीसारखं उमटतंय.

आता त्या रेघांचं सांगतो, पहिल्यांदा लिहायचं राहिलं. आमच्या गुरुजींचा हट्ट होता की अक्षर रेघेला टांगलं पाहिजे, दोरीवर कपडे वाळत घालतात तसं. म्हणून त्यांनी खिळा आणि पट्टी घेऊन फळ्यावर कायमच्या रेघा कोरल्या, जवळजवळ. मग पाचवीला कन्नडच्या बाई आल्या, बैलहोंगलकडच्या, त्यांना आम्ही अक्कोरू म्हणायचो. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं, वत्तक्षर. अम्मा लिहिलं की दुसरा म पहिल्याच्या खाली. तो खालच्या रेघेवर आपटायचा आणि त्या ओळीतल्या अक्षराच्या डोक्यात घुसायचा. अक्कोरू गुरुजींना म्हणाल्या, तुमच्या रेघांमध्ये माझी भाषा मावत नाही. गुरुजी म्हणाले, एक सोडून एक लिवा की. तेव्हापासनं कन्नडचा धडा एक रेघ सोडून, म्हणजे निम्मंच मावायचं, एका तासाला फळा दोनदा पुसायला लागायचा. पुसायला आम्ही पुढच्या बाकावरचे धावायचो, तेवढाच तास कमी.

काल मुलीनं त्याच रेघांवर कन्नडचा होमवर्क काढला. दोन ओळीतच गिचमिड. मी काय बोललो नाही. तिनं पुसलं, आणि एक रेघ सोडून लिहायला घेतलं.

खडूवाल्या_बाई (रविवार, संध्याकाळी ७:१०)

वर्षाच्या शेवटी फळ्याचा फोटो टाका. आणि डस्टर विकत आणू नका, जुन्या सुती साडीचा करा, आत कापूस भरून. लाकडाच्या डस्टरनं लाखेचा थर खरवडतो.

रसायन_मास्तर (रविवार, संध्याकाळी ७:३५)

अभिनंदन. फटीचं काय केलंत?

मलप्रभेकाठचा (रविवार, रात्री ८:०५)

तुमचं ऐकलं नाही मास्तर. सुतारानं सरस आणि लाकडाचा भुसा घालून भरली होती, वर रंग मारला, दिसतसुद्धा नव्हती. गुरुवारपासनं जो पाऊस लागलाय, लाकूड फुगलं आणि भरलेलं सगळं लांब शेवेसारखं बाहेर आलं. रंगाचा कडेचा थर घेऊन आलं ते वेगळंच. नखानं ओढून काढलं. आता मुलीनं उभी रेघ ओढली की टक् वाजतंय. परत भरणार नाही.